त्रेचाळीस लाल खुणा

४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र मिळालं. वहिनीचा गुडघा आता बरा आहे हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे दोघांच्याही तब्येती चांगल्या आहेत. लेक नव्या नोकरीत रुळली आहे. इकडे विशेष काही नाही. तब्येतीची काळजी घे.

तुझी बहीण


७ ऑगस्ट

प्रिय दादा,

तीन दिवसांत दुसरं पत्र बघून घाबरू नकोस. कुणी आजारी नाही, कुणाचं काही बिनसलेलं नाही. फक्त परवाच्या पत्रात मी 'विशेष काही नाही' असं लिहिलं होतं, ते खोटं होतं.

मी शाळेत नोकरी धरली आहे. दोन महिने झाले. सहावीच्या वर्गाला शिकवते.

इंग्रजी शिकवते.

एवढं लिहून मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन डबे पुसले आणि परत आले. हे म्हणाले, "दादाला पत्र लिहितेयस की परीक्षेला बसलीयस?" तुझ्यापुढे 'मी' आणि 'इंग्रजी' हे दोन शब्द एका वाक्यात लिहायला मला चाळीस वर्षं लागली, हे यांना कुठून कळणार.

झालं असं की वकीलसाहेबांनी कचेरी बंद केली. सव्वीस वर्षं मी तिथे टाइप करत होते. निरोप घेऊन घरी आले आणि पहिल्या आठवड्यातच सगळी कपाटं लावून झाली. मग हे घाबरले, कारण आता मी यांच्या टेबलाकडे बघायला लागले होते. तेवढ्यात जवळच्या शाळेतल्या मोठ्या बाईंचा निरोप आला. त्यांच्या जागेच्या कागदपत्रांत मी एकदा एक चुकलेलं इंग्रजी क्रियापद पकडलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. इंग्रजीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर चालल्या होत्या. "सहा महिन्यांपुरतं याल का?" असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून 'हो' आलं.

वर्ग दुसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीला लागून. पंप सुरू झाला की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून त्या दहा मिनिटांत आम्ही फक्त लिहितो. एकतीस मुलं. पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले होते की खुर्चीवरून उठलेच नाही. मुलांना वाटलं, नव्या बाई फार कडक आहेत.

आता तुझ्यापासून काय लपवायचं, मला मजा येते, दादा. इतकी की रविवारी करमत नाही. माझ्या वर्गात सगळे सगळ्या गोष्टी सतत करत असतात. 'आय ॲम हॅविंग टू इअर्स,' म्हणजे दोन कानसुद्धा सतत चालूच. एकाने लिहिलं, 'माय अंकल इज मॅरिइंग सिन्स लास्ट यीअर.' मी विचारलं, वर्षभर लग्नच चाललंय का? तो गंभीरपणे म्हणाला, "बाई, भांडण अजून मिटलेलं नाही." म्हणजे काळ चुकला होता, पण बातमी खरी होती.

'अ' आणि 'द' शिकवताना मात्र माझी झोप उडाली होती. आपल्या भाषेत ती भानगडच नाही. शेवटी मी विचारलं, गोष्ट कशी सुरू होते? सगळे ओरडले, "एक राजा होता." मग पुढे? "त्या राजाला दोन मुली होत्या." मी म्हटलं, झालं तर. पहिल्यांदा भेटला तो 'अ', ओळख झाली की 'द'. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून शंका आली, की मग सूर्याचं नाव पहिल्यांदा काढलं तरी 'द' का लावायचा? मी उत्तर शोधत होते तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "त्याची ओळख आधीपासूनच असते."

या मुलीला वर्ग 'स्वल्पविराम' म्हणतो. ती बोलायला लागली की थांबत नाही, आणि लिहायला लागली की पूर्णविराम देत नाही. एक वाक्य दीड पान. मध्ये नुसते स्वल्पविराम, तेही मूठभर बी फेकावं तसे. तिचं घर म्हणजे ती आणि आजोबा. आजोबा बसच्या कारखान्यात दुरुस्तीचं काम करायचे, आता घराच्या पुढच्या खोलीत लोकांच्या दुचाक्या दुरुस्त करतात.

तुझं इंग्रजी व्याकरणाचं गाईड निम्म्या वर्गाच्या दप्तरात आहे. मुखपृष्ठावर तुझा कोटातला फोटो. मुलं तुला 'कोटवाले सर' म्हणतात. कोटवाले सर माझे सख्खे भाऊ आहेत, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मोठ्या बाईंनाही नाही.

आता जे सांगण्यासाठी बसले आहे ते सांगते.

जुलैत मी निबंध दिला, 'माझी आवडती व्यक्ती'. स्वल्पविरामने आजोबांवर चार पानं लिहिली. त्यात एक वाक्य होतं, 'ही इज रिपेअरिंग बसेस, स्कूटर्स, अवर फॅन, अँड व्हेन आय ॲम क्रायिंग, ही इज रिपेअरिंग मी.' मी लाल पेन घेतलं. सव्वीस वर्षं लोकांची कागदपत्रं निर्दोष करून द्यायची सवय, हात थांबेना. काळ, विरामचिन्हं, स्पेलिंग. 'रिपेअरिंग मी'वर आडवी रेघ मारून वर लिहिलं 'कन्सोल्स', आणि समासात टीप दिली की यंत्रं दुरुस्त होतात, माणसं नाहीत. एकूण त्रेचाळीस खुणा. मी त्या मोजल्या आणि खाली आकडा लिहिला. मला वाटलं, मी किती मन लावून तपासते.

पुढच्या निबंधात तिने चार वाक्यं लिहिली. माझी शाळा मोठी आहे. माझ्या शाळेला मैदान आहे. माझे शिक्षक चांगले आहेत. मला माझी शाळा आवडते. सगळं इंग्रजीत, एकही चूक नाही. मी दहापैकी दहा दिले. 'उत्तम' असंही लिहिलं. दादा, मला आनंद झाला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा चार वाक्यं, पुन्हा दहा.

मग गेल्या शुक्रवारी तिचे आजोबा आले, माझे आभार मानायला. स्वच्छ सदरा, केस पाणी लावून बसवलेले, नखांत मात्र काळं वंगण तसंच. म्हणाले, "बाई, तुमचे उपकार. पोरीला दोनदा दहा मिळाले. पूर्वी कधी पाचाच्या वर गेली नव्हती."

मी म्हटलं, "मेहनत तिचीच."

"हो," ते म्हणाले. "आणि वही पण पुरते आता. आधी महिन्याला एक लागायची. आता लिहितेच इतकं कमी की ही वर्षभर जाईल." मग हातातली टोपी फिरवत म्हणाले, "एक विचारू? आधी ती रोज संध्याकाळी समोर येऊन बसायची. आज काय बिघडलं होतं, कसं शोधून काढलं, सगळं विचारायची. वहीत लिहायचंय म्हणायची. आता बसत नाही. मी विचारलं तर म्हणते, लिहिलं की चुकतं. ते बरोबरच असेल, तुम्ही शिकलेल्या आहात. मला आपलं वाटलं, विचारावं."

ते जिना उतरून गेले, पंप सुरू झाला, आणि मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. कारण ती चार वाक्यं मी ओळखली होती. ती माझीच होती. तुझं पत्र मिळालं. आम्ही ठीक आहोत. विशेष काही नाही. काळजी घे. लग्न झाल्यापासून मी तुला हेच पाठवते आहे, अगदी परवाच्या पत्रातसुद्धा, आणि तू त्यात कधी एक चूक काढू शकला नाहीस.

तू नवा मास्तर होऊन आमच्या शाळेत आलास तेव्हा तू तेवीस वर्षांचा होतास, मी अकराची. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बाबा कायम फिरतीवर. सकाळी तू माझ्या वेण्या घालायचास, डबा भरायचास, मग आपण वेगवेगळ्या वाटांनी शाळेत जायचो, म्हणजे कुणी म्हणायला नको की सर बहिणीला घेऊन येतात. तूही तेव्हा 'आवडती व्यक्ती' हाच निबंध दिला होतास. मी तुझ्यावर लिहिला. पहिलंच वाक्य होतं, 'माय ब्रदर इज माय मदर.'

तू तो वर्गात मोठ्याने वाचलास. म्हणालास, "हे बघा, लिंगाची चूक अशी होते. ब्रदर कधी मदर होईल का?" वर्ग हसला. तूही हसलास. मग ते वाक्य फळ्यावर लिहून तू त्यावर फुली मारलीस. घरी आल्यावर म्हणालास, "इंग्रजी काही तुझा प्रांत दिसत नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू फणी घेऊन बोलावलंस तेव्हा मी म्हणाले, आता माझ्या मी घालीन.

ती चूक नव्हती, दादा. मला तेच म्हणायचं होतं.

हे मी रागाने लिहीत नाही. राग असता तर तो केव्हाच संपला असता. मी लिहिते आहे कारण तू जे केलंस तेच मी केलं, तेही एक्कावन्नाव्या वर्षी, आणि करताना मला अजिबात कळलं नाही. तुलाही कळलं नसणार.

सोमवारी मी वर्गात गेले आणि फळ्यावर स्वल्पविरामचं ते वाक्य लिहिलं, 'रिपेअरिंग मी' सकट. तिने मान खाली घातली. मी विचारलं, "ही चूक आहे का?"

"हो," पहिल्या बाकावरून उत्तर आलं. "माणूस रिपेअर होत नाही. तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. पण मी हिला न विचारता सांगितलं." मग मी तिच्याकडे वळले. "तू रडतेस तेव्हा आजोबा नक्की काय करतात?"

तिने वहीचा कोपरा दुमडला, उलगडला. मग खाली बघतच म्हणाली, "ते आधी विचारतात, आवाज कुठून येतोय. मी सांगते, पोटातून, किंवा घशातून. मग तिथे हात ठेवून बसतात. थांबेपर्यंत."

मी म्हटलं, "मग याला कन्सोल म्हणत नाहीत. याला रिपेअरच म्हणतात. बाईंची चूक झाली." खडूने 'इज रिपेअरिंग'चं 'रिपेअर्स' केलं, कारण आजोबा ते नेहमीच करतात, आणि स्वल्पविराम जागच्या जागी बसवले. बाकी वाक्याला हात लावला नाही. आता माझ्या वर्गात दोन वह्या आहेत. कच्च्या वहीत मी लाल पेन नेत नाही, तिथे कसंही लिहावं. त्यातलं जे मुलांना स्वतःला आवडेल ते पक्क्या वहीत जातं, आणि तिथे मी तुझ्याइतकीच कडक आहे. व्याकरण मी सोडलेलं नाही, एवढं तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून लिहिते.

मोठ्या बाईंना हे पसंत नाही. म्हणाल्या, "पालक येऊन विचारतील, बाई चुका तशाच ठेवतात का? सहामाहीला निकाल घसरला तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही." मी म्हटलं, ठीक आहे.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मुलं आपापलं लिखाण वाचून दाखवणार आहेत. सकाळी नऊला. तू यावंस असं काही माझं म्हणणं नाही. फक्त कळवलं.

तुझी बहीण


३ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तू पोचल्याचा वहिनीचा फोन आला. तिने हेही सांगितलं की परतल्यापासून तू कुणाशी बोलत नाहीस, नुसता गाईड पुढ्यात घेऊन बसला आहेस. खुशाल बस.

आधी तुझ्या त्या पत्राबद्दल. पहिलीच ओळ, 'मला हा प्रसंग आठवत नाही.' मी पत्र टेबलावर आपटलं. यांना म्हटलं, बघा, मी चाळीस वर्षं उरात घेऊन फिरले आणि या माणसाला आठवतसुद्धा नाही. हे म्हणाले, पुढे वाच. पुढे तू लिहिलं होतंस, 'वेण्या आठवतात. डावी नेहमी सैल पडायची. मला वाटायचं, शाळेत तुला कुणी हसत तर नसेल. एक दिवस तू म्हणालीस, माझ्या मी घालीन, तेव्हा मी समजलो की माझ्या वेण्यांची तुला लाज वाटते.' हे वाचून मी आधी हसले आणि मग माझं जे झालं ते यांनाच विचार. आपण दोघं एकाच घरात, एकाच फणीवरून, किती वेगळं समजून बसलो होतो.

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. त्या शनिवारी दारात तुला बघून मी हजेरीत एक नाव दोनदा घेतलं. तू खुर्ची नको म्हणालास आणि मागच्या बाकावर जाऊन बसलास, गुडघे जवळजवळ कानाला लागलेले. मुलं कुजबुजली, कोटवाले सर, पण कोट नाही. मी वर्गाला सांगितलं, "हे माझे दादा आहेत." एवढं सोपं वाक्य होतं.

स्वल्पविराम वाचत होती तेव्हा मी तिच्याकडे बघत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. 'ही रिपेअर्स मी' आलं तेव्हा तू चष्मा काढलास. तिचे आजोबा तुझ्या शेजारीच बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही, पण आपल्याबद्दल काहीतरी चांगलं चाललंय हे कळत होतं, आणि तू वाकून त्यांच्या कानात अर्थ सांगितलास. त्यांनी खिशातून फडकं काढलं, बघितलं, त्याला ग्रीस होतं, म्हणून परत ठेवलं आणि बाहीने डोळे पुसले.

आणि मग ती पोरगी तुझ्यासमोर तुझं गाईड उघडून उभी राहिली. "सर, पान एकेचाळीसवर एक चूक आहे. 'अ ऑनेस्ट मॅन' छापलंय. तिथे 'ॲन' पाहिजे ना?"

दाराशी उभ्या असलेल्या मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. तू पुस्तक जवळ धरलंस, लांब धरलंस. "पाहिजे," तू म्हणालास. "चौदा आवृत्त्या झाल्या. कुणीच कसं सांगितलं नाही?"

"घाबरले असतील," ती म्हणाली.

तू इतक्या मोठ्याने हसलास की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावले. तुझं ते हसणं मी शेवटचं केव्हा ऐकलं होतं, आठवत नाही. मग तू तिच्याकडून पेन्सिल मागून घेऊन तिथल्या तिथे दुरुस्ती केलीस आणि खाली सही केलीस. आता ती ते पान सगळ्या शाळेला दाखवत फिरते. तिच्या दप्तरात आता चौथी कच्ची वही आहे, आणि आजोबांनी तक्रार केली आहे की संध्याकाळी प्रश्न विचारून ती कामच करू देत नाही. तक्रार करताना त्यांचं हसू कानापर्यंत गेलं होतं.

तू गेल्यावर झालेलं सांगायचं राहिलं. परवा सहामाहीचा निकाल लागला. मोठ्या बाईंनी स्वतः पेपर तपासले होते, माझ्यावर विश्वास नको म्हणून. निकाल घसरला नाही. आधीच्या चाचणीत तीन मुलं नापास होती, आता एकच आहे, तीही दोन गुणांनी. आणि त्यांनी एक गोष्ट मला मुद्दाम दाखवली. पेपरात निबंधाला किमान पंधरा ओळींची अट होती, तर निम्म्या वर्गाने पुरवणी मागितली होती. "सहावीत पुरवणी," त्या म्हणाल्या, "माझ्या नोकरीत पहिल्यांदा बघतेय." त्यांनी गठ्ठा दोरीने बांधला. मग म्हणाल्या की इंग्रजीच्या बाई डिसेंबरात परत येतील आणि वर्ग त्यांना द्यावा लागेल, पण शनिवारी सकाळचे दोन तास मोकळे आहेत. पाचवी ते सातवीतल्या ज्यांना लिहायचं आहे त्यांच्यासाठी. घ्याल का?

मी या वेळी तोंड उघडलं ते 'हो' म्हणण्यासाठीच.

आज सकाळपर्यंत अडतीस नावं आली आहेत. मला एकटीला ती आवरणार नाहीत. पहिला तास लिहिण्याचा, तो मी घेईन. दुसरा पक्क्या वहीचा, व्याकरणाचा. त्याला माणूस हवा आहे. तुझ्याकडून बसने दोन तास लागतात, शुक्रवारी मुक्कामाला यायचं, यांनी तुझ्यासाठी पुढची खोली रिकामीही करायला घेतली आहे. वहिनीला घेऊन ये. गुडघ्याला जिना नको म्हणून झोपायची सोय खालीच केली आहे.

मुलं रोज विचारतात, कोटवाले सर परत कधी येणार. मुलांना तू हवा आहेस, एवढंच लिहून मी हे पत्र बंद करणार होते.

मला हवा आहेस.

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी, संध्याकाळच्या बसला, थांब्यावर उभी असेन.

तुझीच,
धाकटी